ॲम्बॅसडरचा क्राउन-पिनियन बदलताना मी कसा फसलो

वडिलांची 1978 ची पेट्रोल ॲम्बॅसडर डिचोलीला आमच्या अंगणात असते. सासुरवाडी कणकवलीची. पत्रादेवीच्या पुढे रस्ता चौपदरी झाल्यापासून ऐंशीने निवांत जावं अशी हौस होती, पण ऐंशीला इंजिन तीन हजारांच्या वर जातं आणि शेजारी बसलेल्या बायकोशीही ओरडून बोलावं लागतं. टॉप गियर थेट, एकास एक: इंजिन जितकं फिरतं तितकाच गियरबॉक्समधून मागे जाणारा शाफ्ट फिरतो. म्हणजे जे करायचं ते मागच्या ॲक्सलमध्येच, त्यातल्या क्राउन आणि पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीत.

माझ्या गाडीत क्राउनला 41 दाते आणि पिनियनला 9, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे साधारण 4.55 फेरे. हा आकडा जितका लहान, तितकं त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं; चढाला मात्र गाडी धापा टाकते. मला 4.1 च्या आसपासचा सेट हवा होता. (चोर्ला घाटातून नेहमी बेळगावला जाणाऱ्याने या नादी लागू नये. 1489 सीसीत तेवढा दम नाही.)

ॲम्बॅसडरचं उत्पादन 2014 लाच थांबलं, त्यामुळे असा माल ओळखीपाळखीतूनच मिळतो. एका मेस्ताने (मेकॅनिकने) ‘4.1 चा सेट आहे, जोडीचा आहे’ म्हणून सांगितलं. सेटचे 18 हजार, मजुरी 6 हजार, सगळे रोख, बिल नाही. चवथीच्या आधी गाडी हवी म्हणून मीच घाई केली. जुना सेट मागितला तर म्हणाला, ‘‘लोखंड घेऊन काय करणार?’’ मीही सोडून दिला.

ट्रायलला तो शेजारी बसला. गाडी उठली ती एकदम हलकी. जरा पुढे गेलो तर म्हणतो, ‘‘काटो पळयात, पात्रांव!’’ (काटा बघा, मालक!) काटा खरंच पूर्वीपेक्षा लवकर ऐंशीवर गेला. मी खूश. तिथेच पैसे मोजले.

कुडाळच्या पुढे शंका आली. काटा ऐंशीवर, मोबाइलवर पंच्याहत्तर. पूर्वी दोन्ही जवळपास जुळायचे. आणि मागून एकसुरी हूंऽऽ, जो पाय उचलला की बदलायचा.

या गाडीत स्पीडोमीटरची केबल गियरबॉक्सवरून निघते. ॲक्सलचा आकडा मोठा केला की त्याच वेगाला शाफ्ट जास्त फिरतो आणि काटा फुकटचा पुढे जातो. पिकअपही वाढतो. म्हणजे नेमका उलटा सेट घातला, तरी ट्रायलला गाडी ‘सुधारल्यासारखी’ वाटते. मेस्ताला हे पक्कं ठाऊक असणार.

घरी येऊन मोजलं. पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रलला टाकली, मागचं एकच चाक जॅकवर उचलून खाली स्टँड दिला. दुसरं जमिनीवरच. शाफ्टवर खडूची रेघ मारली, भाच्याला टॉर्च घेऊन बाजूला बसवलं आणि उचललेलं चाक हाताने वीस वेळा फिरवलं. एकच चाक फिरत असल्यामुळे क्राउन त्याच्या निम्मा, दहाच फेरे फिरतो. 4.1 चा सेट असता तर शाफ्टचे 41 फेरे व्हायला हवे होते. भाचा मोजत मोजत अठ्ठेचाळीसवर गेला आणि वर पाऊण. म्हणजे 4.875. ऐंशीला इंजिन आता सव्वातीन हजारांवर! दहा मिनिटांचं हे काम पैसे देण्याआधी त्याच्याच गॅरेजात करता आलं असतं.

फोंड्याच्या दुसऱ्या मेकॅनिककडे ॲक्सल उघडला. तेलात चंदेरी भुकटी, क्राउनला 39 दाते, पिनियनला 8. क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून बसवतात आणि दोघांवर एकच नंबर कोरतात. इथे दोन्ही नंबर वेगळे होते. ती हूंऽऽ त्याचीच.

जाब विचारायला गेलो तर पहिल्या मेस्ताचा आवाजही चढला नाही. ‘‘ट्रायलला पिकअप झकास म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?’’ माझा 41-9 चा सेट कुठे म्हटलं, तर विकला म्हणाला. कितीला, ते सांगेना.

गाडी सध्या अंगणात ताडपत्रीखाली आहे. शोधतोय तो आता 4.1 चा नाही, माझ्या जुन्या 41-9 सारखाच सेट.