‘मी बिफोर यू’ आणि ‘आफ्टर यू’: पुढे वाचायचं की तिथंच थांबायचं?

ब्रिटिश लेखिका जोजो मोयेसची ‘मी बिफोर यू’ ही कादंबरी 2012 साली आली, तिचा पुढचा भाग ‘आफ्टर यू’ 2015 मध्ये. नायिका तीच, लू क्लार्क. (शेवट ठाऊक नसेल तर पुढचं वाचू नका.)

पहिलीचं बळ तिच्या मुदतीत आहे. अपघातानं मानेखाली लुळा पडलेला विल आईवडिलांना सहा महिने देतो, त्यानंतर स्वित्झर्लंडला जाऊन इच्छामरण. त्यामुळे तो आणि त्याच्या देखभालीला आलेली लू, या दोघांतली साधी कुरबूरसुद्धा घड्याळाची टिकटिक ऐकत घडते. लू बडबडी, तो तिरकस. प्रेम कधी जडलं हे आपल्यालाही उशिरा कळतं.

दुसरीत ते घड्याळच नाही. लू लंडनमध्ये, विमानतळावरच्या बारमध्ये नोकरी करते, गच्चीवरून पडते, आणि मग दारात उभी राहते लिली, विलची त्यालाही ठाऊक नसलेली मुलगी. इथं माझा विश्वास डळमळला. मेलेल्या नायकाला परत आणता येत नाही म्हणून त्याची लेक आणली, असं वाटत राहतं. सॅम हा रुग्णवाहिकेवरचा पॅरामेडिक भला माणूस. पण विलशी जशी शब्दांची चकमक रंगायची, तशी याच्याशी रंगत नाही.

तरी शोकगटातले, म्हणजे जवळचं माणूस गमावलेले एकत्र बसून बोलतात तिथले, प्रसंग खरे उतरलेत. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्याची चिडचिड, अपराधीपणा पहिलीत येऊच शकला नसता. आणि लूच्या आईचं उतारवयातलं बंड, पायांवरचे केस न काढण्यासकट, मला प्रेमकथेपेक्षा जास्त आवडलं!

रडायचं असेल तर पहिली घ्या. दुसरी लायब्ररीतून आणा.