राउटरचा छोटा यूपीएस: पेटी साधी, बघायचं ते अडॅप्टर आणि पिनकडे

पुण्यात महावितरणची देखभालीची कामं गुरुवारी निघतात, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. त्याशिवाय एप्रिल-मेमधला वळीव आला, झाडाची फांदी तारेवर पडली की दहा मिनिटं ते दोन तास लाइट जाते ती वेगळीच. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट, जिना आणि पाण्याचा पंप सांभाळतो, पण फ्लॅटमधल्या सॉकेटपर्यंत तो बहुतेक ठिकाणी पोचत नाही. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, मोबाइललाही असते. घरात बंद पडतं ते फक्त राउटर, आणि ते खातं जेमतेम सहा-सात वॅट. एवढ्यासाठी इन्व्हर्टर बसवायची गरज नाही. हजार ते दोन हजार रुपयांत मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस हे काम चोख करतो. नीट निवडला आणि एकदा नीट लावला तर वर्षभर त्याची आठवणही येत नाही. घरातल्या विजेच्या वस्तूला याहून मोठं प्रशस्तिपत्र आम्हाला माहीत नाही.

वस्तू साधी आहे. जाडसर मोबाइलएवढी पेटी, एका बाजूने अडॅप्टरची पिन आत जाते, दुसऱ्या बाजूने छोटी वायर राउटरकडे जाते. पंखा नाही, टूं-टूं नाही, बॅटरीत पाणी घालायची भानगड नाही.

कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस पडून असेल तर तोच राउटरला का लावू नये, असं बरेच जण विचारतात. लावता येतो, पण ते काम उलटसुलट आहे. त्या यूपीएसमध्ये १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. तिचे १२ व्होल्ट तो २३० करतो, आणि राउटरचा अडॅप्टर त्या २३० चे परत १२ करतो. दोन्ही टप्प्यांवर वीज उष्णतेत जाते. शिवाय सहा-सात वॅटच्या किरकोळ भारावर यूपीएस स्वतःला चालू ठेवायलाच बरीच बॅटरी खर्च करतो. छोट्या यूपीएसमध्ये हा फेरफटका नाही. बॅटरीतून निघालेली डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज थेट राउटरला मिळते. लाइट जाते तेव्हा तो राउटरला कळण्याइतकाही खंड पडू देत नाही, म्हणून राउटर पुन्हा सुरू होण्याची दोन-तीन मिनिटंही वाया जात नाहीत.

आता बॅकअप किती, याचा हिशेब. पेटीवर ठळक अक्षरात ८००० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे ८ अँपिअर-तास) लिहिलेलं असतं, आणि तिथेच फसायला होतं. हा आकडा आतल्या लिथियम सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो, राउटरच्या १२ व्होल्टवरचा नाही. ८ अँपिअर-तास गुणिले ३.७ म्हणजे २९.६ वॅट-तास. व्होल्टेज वाढवताना जाणारं नुकसान धरलं तर हाती साधारण २५ उरतात. राउटर ७ वॅट घेत असेल तर साडेतीन तास. फायबरची पेटी (काचेच्या वायरवरून आलेलं नेट राउटरला देणारी) वेगळी, राउटर वेगळा आणि दोन्ही मिळून १३ वॅट असतील तर जेमतेम दोन तास. राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलंय म्हणून तो १२ वॅट खातो असं नाही. ती अडॅप्टरची कमाल मर्यादा असते. म्हणून खरेदी करताना एमएएचपेक्षा वॅट-तासाचा आकडा विचारा. छापलेला नसेल तर वर दिलेला गुणाकार करा.

दुसरी गोष्ट पेटीवर कुठेच लिहिलेली नसते: बॅटरी उतरत जाते तसं बाहेर येणारं व्होल्टेज टिकतं का? स्वस्त पेट्यांत तीन सेल एकामागोमाग जोडून त्यांची वीज थेट बाहेर सोडलेली असते. पूर्ण चार्ज असताना तिथे १२.६ व्होल्ट मिळतात आणि सेल रिकामे होईपर्यंत ते ९ च्या आसपास उतरतात. काही राउटर हे सहन करतात, काही मध्येच बंद-चालू व्हायला लागतात. मग बॅटरीत वीज शिल्लक असूनही उपयोग शून्य. चांगल्या पेटीत व्होल्टेज १२ वर धरून ठेवणारं सर्किट असतं. मल्टिमीटर असेल तर राउटर जोडलेला असताना, बॅटरीवर चालू असताना, सुरुवातीला एकदा आणि तासाभराने एकदा मोजा. दोन्ही वेळा ११.५ ते १२.५ च्या मध्ये काटा असला तर पेटी चांगली आहे.

या वस्तूबद्दलच्या तक्रारी ऐकल्या तर त्यातल्या बऱ्याचशा पेटीच्या नसतातच, त्या अडॅप्टरच्या असतात. नेहमीचं लक्षण असं: लाइट गेल्यावर नेट छान चालतं, आणि लाइट परत आली की राउटर बंद-चालू व्हायला लागतो. लोक पेटी परत करतात. खरं कारण असं की राउटरबरोबर आलेला १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर फक्त १२ वॅट देऊ शकतो. लाइट आल्यावर त्याला राउटरचे ७ वॅट द्यायचे असतात आणि त्याच वेळी रिकामी बॅटरी भरायची असते, तिला आणखी दहा-एक वॅट. बेरीज सतरावर गेली की अडॅप्टर तापतो, व्होल्टेज खाली बसतं किंवा त्याचं संरक्षण सर्किट त्याला बंद-चालू करत राहतं. उपाय सोपा आहे: १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर लावा. दोन अँपिअरने राउटर जळेल ही भीती मनातून काढून टाका. अँपिअर राउटर स्वतःला हवे तेवढेच ओढतो. जुळायला हवं ते व्होल्टेज. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टची पेटी मात्र लावू नका. जुन्या, लहान राउटरपैकी काही ९ किंवा ५ व्होल्टचे आहेत, म्हणून राउटरच्या पोटाखालचं लेबल वाचल्याशिवाय दुकानात जाऊ नये. काही पेट्यांत अडॅप्टर आतच असतो आणि थेट भिंतीतल्या सॉकेटची वायर येते; तिथे हा प्रश्नच उरत नाही. जागा असेल तर आमची पसंती त्यालाच.

अडॅप्टर नवीन घ्याल तेव्हा त्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक बघा. अडॅप्टरसाठी आयएस १३२५२ आणि लिथियम सेलसाठी आयएस १६०४६ ही मानकं आहेत. लेबलवर आयएस क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसेल तर पन्नास रुपये वाचवायच्या मोहात पडू नका. ही वस्तू चोवीस तास, घरात कोणी नसतानाही, चालू राहणार आहे.

मग पिन. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात, ५.५ मिलिमीटर जाडीच्या. फरक आत असतो: राउटरच्या सॉकेटमधली सुई २.१ मिलिमीटरची असते किंवा २.५ ची. २.१ च्या सुईवर २.५ च्या भोकाची पिन बसते, पण सैल. सुरुवातीला चालतं, आणि केर काढताना वायरला धक्का लागला की राउटर बंद. असा त्रास असेल तर पेटी बदलू नका, वायर बदला. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ‘साडेपाच बाय दोन पॉइंट एकची डीसी वायर’ म्हटलं की समोर ठेवतात. जाताना मूळ अडॅप्टर खिशात घालून न्या आणि त्याची पिन दाखवा, हे सगळ्यांत खात्रीचं. अडॅप्टरच्या लेबलवरचं चिन्हही बघा: मधल्या ठिपक्याला अधिक आणि बाहेरच्या कमानीला वजा असायला हवं. उलटं असेल तर जोडू नका.

पेटी घरी आली की पहिले पाच-सहा तास राउटर न जोडता नुसती चार्ज होऊ द्या. मग दोन चाचण्या, परत करायची मुदत संपायच्या आत. पहिली: सॉकेटचं बटण दहा वेळा बंद-चालू करा. राउटरच्या सेटिंगच्या पानावर तो किती वेळ सलग चालू आहे ते दिसतं. तो आकडा एकदाही शून्यावर यायला नको. दुसरी चाचणी बहुतेक लोक करत नाहीत, आणि तीच महत्त्वाची. अडॅप्टर काढून ठेवा, बॅटरी पूर्ण संपू द्या, किती वेळ चाललं ते लिहून ठेवा. मग वीज परत द्या आणि कशालाही हात लावू नका. राउटर आपोआप सुरू झाला पाहिजे. काही पेट्या पूर्ण रिकाम्या झाल्या की बटण दाबल्याशिवाय जाग्या होत नाहीत. घरात आई-वडील एकटे असतील, किंवा दाराचा कॅमेरा बाहेरगावाहून बघायचा असेल, तर असली पेटी काय कामाची? ती निःसंकोच परत करा.

ठेवायची जागा. लिथियम सेलचा शत्रू उष्णता आहे. पूर्ण चार्ज झालेला सेल गरम जागी ठेवला की त्याची क्षमता लवकर घटते, आणि या पेटीतले सेल कायमच पूर्ण चार्ज असतात. राउटरच्या डोक्यावर, टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, खिडकीच्या उन्हात ठेवू नका. मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, बंद कप्प्यात त्याहून वर जातो. राउटरपासून वीतभर अंतरावर भिंतीला उभी लावली तर उत्तम. तरी दोन-तीन वर्षांनी बॅकअप कमी होणारच, तेवढं धरून चाला.

पेटी बरोबर असूनही लाइट गेल्यावर नेट बंद पडत असेल तर प्रश्न घराबाहेर आहे. मोठ्या कंपन्यांचं घरापर्यंतचं फायबर बहुतेक ठिकाणी असं असतं की एक्स्चेंजपासून तुमच्या भिंतीपर्यंत मध्ये विजेवर चालणारं काहीच नसतं. नुसते काचेचे फाटे. तिथे तुमची पेटी चालू असली की काम झालं. पण बऱ्याच सोसायट्यांत स्थानिक केबलवाल्याचा विजेवर चालणारा स्विच जिन्यात किंवा गच्चीत बसवलेला असतो आणि तिथून घरात लॅनची वायर येते. तो स्विच बंद पडला की घरातल्या यूपीएसचा काही उपयोग नाही. विकत घेण्याआधी बघायचं इतकंच: घरात शिरणारी वायर फायबरची, हिरव्या किंवा निळ्या टोकाची आहे की लँडलाइन फोनच्या पिनसारख्या, पण जरा रुंद प्लास्टिकच्या टोकाची? दुसरी असेल तर आधी केबलवाल्याला त्या स्विचला बॅकअप आहे का ते विचारा.

गुरुवारी सकाळी लाइट जाऊन दुपारही तशीच गेली, तर ते ही पेटी एकटी पेलत नाही. ती पेलायची तर आधी भार कमी करा. बऱ्याच फायबरच्या पेट्यांना स्वतःचं वायफाय असतं. तसं असेल तर वेगळा राउटर किंवा मेशचा (वायफायची रेंज वाढवणारा) दुसरा डबा काढून ठेवला आणि त्याच वायफायवर बसून काम केलं तर दोन तासांचे जवळपास चार होतात. रेंज एका खोलीपुरती मिळते, पण मीटिंग पार पडते.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, यावर लावू नका. त्यातली हार्ड डिस्क फिरायला लागताना एकदम जास्त करंट ओढते आणि पेटी स्वतःला बंद करून घेते. घरात इन्व्हर्टर आहे त्यांना ही खरेदी बहुधा नकोच. लाइट जाताना राउटर बंद-चालू होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते आधी बघा; त्या मोडवर बदल इतका झटपट होतो की बहुतेक राउटरना कळत नाही.

पेटी महिनोन्‌महिने वापरात नसेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा चार्ज करा, नाहीतर सेल इतके उतरतात की परत उठत नाहीत. आणि पेटीचं पोट फुगलेलं दिसलं, झाकण उचललेलं वाटलं, तर त्याच क्षणी अडॅप्टर काढा, राउटर थेट जोडा. फुगलेला सेल टोचू नका, दाबू नका, सुक्या कचऱ्यात टाकू नका; मोकळ्या, कोरड्या जागी ठेवून ‘स्वच्छ’ या पुण्यातल्या कचरावेचकांच्या संस्थेच्या ई-कचरा संकलनात द्या आणि आत लिथियम बॅटरी आहे हे घेणाऱ्याला सांगा.