१ टीबी हार्डडिस्क, अलिबागहून घेतली

डिस्क चांगलीये, गरम होत नाही, गणपतीचे सगळे व्हिडिओ मावले. पण लावल्या लावल्या ९३१ जीबी दाखवली आणि मी तडक दुकानात भांडायला, तर काका म्हणाले अरे कंपनी १००० ने मोजते, विंडोज १०२४ ने, बाईट तेवढेच. बरोबर होतं म्हणा, गप्प घरी आलो. रेवदंड्याचे आमचे जुने शेजारी बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आता इस्राएललाच असतात, त्यांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले हिब्रूतपण टेराबाईटच म्हणतात, फक्त बाईटला 'बायित' असा शब्दपण आहे, म्हणजे घर! आजीला मात्र 'तेरा'बाईट ऐकू आलं, बाकीचे बारा कुठायत विचारते. केबल फारच आखूड, एक स्टार कापला.