कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगसाठी घरी बनवलेला रिझर्व्हॉयर (पाण्याची टाकी): मे आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगतो, टेंपरेचर खाली येईल म्हणून मोठी टाकी बनवत असाल तर राहू द्या. उष्णता बाहेर टाकतो तो रेडिएटर. माझ्या टाकीत लिटरभर पाणी मावतं, 200 वॉटच्या लोडला तेवढं पाणी रेडिएटरशिवाय नुसतं ठेवलं तर साधारण 21 सेकंदांत एक डिग्री चढतं, म्हणजे गेम चालू केल्यावर पाणी तापायला थोडा उशीर होतो इतकंच, एकदा तापलं की आकडा तोच. आणि मे महिन्यात मुंबईत खोलीच एवढी तापलेली असते की बिचारं पाणी गार राहणार कसं.

खरा फायदा भरताना आणि हवा काढताना. डी5 पंप, म्हणजे कूलिंगचं पाणी फिरवणारा पंप, स्वतःहून पाणी ओढत नाही, आणि त्याच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच, कोरडा फिरवला तर वाट लागते. म्हणून टाकी पंपाच्या वर बसवली, पाणी आपोआप उतरतं, बुडबुडे वर येऊन निघून जातात. रेडीमेड छोट्या टाकीत हेच काम जीव खातं.

बनवायला ॲक्रिलिकचा गोल पाईप आणि वरखाली 10 एमएमच्या चकत्या, दुकानदाराकडूनच कापून घेतल्या. जोड क्लोरोफॉर्मने, पण खिडक्या सताड उघड्या ठेवून आणि वास न घेता हां. सुपरग्लू नको, कडेने पांढरं धुकं धरतं.

फिटिंगचं मात्र नीट ऐका. कूलिंगवाले जी वन-फोर म्हणतात तो म्हणजे पाव इंची बीएसपी (पाईपच्या आट्याचं माप), नागदेवी स्ट्रीटला एअर कॉम्प्रेसरची पितळी फिटिंग बघा, पण सरळ आट्याचीच घ्या, ओ-रिंगवाली. टेपर, म्हणजे निमुळता आटा टेफलॉन लावून आवळला की ॲक्रिलिक तडकतं. भोक 11.8 एमएम, मग टॅपने आत आटे पाडा, आणि ड्रिल हळू चालवा नाहीतर प्लास्टिक वितळून बिटला चिकटतं. ॲल्युमिनियम किंवा जीआय (जस्ताचा थर दिलेलं लोखंड) काही घालू नका, चिपवर बसतो तो ब्लॉक तांब्याचा असतो, दोन धातू एका पाण्यात आले की गंज ठरलेला.

पावसाळ्यात सगळ्यांचा एकच प्रश्न, टाकीला बाहेरून घाम फुटतो का? नाही फुटत, कारण पाणी खोलीपेक्षा गार कधी होतच नाही. लेव्हल मात्र हळूहळू उतरते, मऊ पाईपातूनही वाफ जाते, अधूनमधून डिस्टिल्ड पाण्याचा टॉप-अप लागतो. बाटलीबंद पिण्याचं पाणी नको, त्यात क्षार. शेवाळ-जंतू धरू नयेत म्हणून बायोसाईड टाकलंय, रंग नाही टाकला, आतापर्यंत पाणी स्वच्छ आहे. आई मात्र येता-जाता विचारते, मासे कधी सोडतोस.

पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. आयसोप्रोपाईल अल्कोहोलने ॲक्रिलिकला बारीक भेगा जातात, विशेषतः भोकांच्या कडेला. आणि तळाला छोटा बॉल व्हॉल्व्ह नक्की द्या, ग्राफिक्स कार्ड बदलायची वेळ आली की पाणी सरळ बादलीत सोडता येतं.