एक्सेलचं सबटोटल, केळीच्या हिशोबात आठ महिने वापरल्यावर

आमचं रावेरला केळी खरेदीचं काम, रोज संध्याकाळी कोणत्या गावातून किती क्विंटल माल निघाला न् कोणाचे किती पैसे द्यायचे ते सगळं माझ्याकडे. आधी प्रत्येक गावाखाली हाताने बेरीज टाकायचो, मग रात्री उशिरा एखादी पावती आली की ओळ घाल, रेंज बदल, आणि खालच्या एकूणमध्ये गावांच्या बेरजा पण धरल्या जायच्या म्हणजे आकडा डबल. डेटा टॅबमधल्या सबटोटलने, म्हणजे प्रत्येक गावाखाली आपोआप बेरीज टाकणाऱ्या बटणाने, हा त्रास संपला, कारण तो सबटोटलचाच फॉर्म्युला टाकतो आणि तो फॉर्म्युला रेंजमधल्या दुसऱ्या सबटोटलना धरत नाही.

पण आधी गावानुसार सॉर्ट कराच. गाव बदललं की तो बेरीज टाकतो, सॉर्ट नसेल तर ऐनपूरच्या चार बेरजा चार जागी दिसतात. आणि एकाने निंभोरा लिहिलं, दुसऱ्याने निंभोरे, किंवा मागे नुसती स्पेस राहिली तरी ते वेगळं गाव झालं, म्हणून आम्ही गावाच्या कॉलमला ड्रॉपडाउनच लावून टाकला. गावात परत शेतकऱ्यानुसार पाहिजे असेल तर दोन्हीवर सॉर्ट करून आधी गावाचं सबटोटल लावा, मग शेतकऱ्याचं, दुसऱ्या वेळी रिप्लेस करंट सबटोटल्सची टिक काढा नाहीतर पहिलं उडतं. मग शीटच्या डावीकडे जे छोटे आकडे येतात त्यातलं 2 दाबलं की फक्त गावं दिसतात, आमच्या भाऊंना तेवढंच पाहिजे असतं.

भावाच्या कॉलमला अ‍ॅव्हरेज मात्र लावू नका! समजा 100 क्विंटल 1500 ने घेतले न् 20 क्विंटल 1200 ने, तो 1350 दाखवेल, पण पैसे गेले 1,74,000, म्हणजे खरा भाव 1450 पडला. क्विंटलमागे 100 चा फरक आहे हा, यावर उद्याचा भाव ठरवला तर काय होईल बघा. रक्कम भागिले वजन, दुसरं काही नाही.

न आवडलेलं म्हणजे कंट्रोल टी करून टेबल बनवलं असेल तर सबटोटलचं बटण बंदच असतं, आधी साधी रेंज करावी लागते. नवीन पावत्या आल्या की मी सबटोटलच्याच खिडकीतलं रिमूव्ह ऑल दाबून जुन्या बेरजा काढून परत सॉर्ट, परत सबटोटल असं करतो, दोन मिनिटं लागतात. आणि फक्त बेरजा कॉपी करायच्या असतील तर सिलेक्ट करून आधी ऑल्ट आणि सेमिकोलन दाबा, नाहीतर लपलेल्या सगळ्या ओळी पण सोबत जातात, आमच्याकडून एकदा एका गावाच्या शेतकऱ्यांचे आकडे असेच दुसऱ्याच्या मोबाईलवर गेले होते.