‘अर्ज टाकला की बँक थांबते’ म्हणणाऱ्या दिवाळखोरी-वकिलाने १६ लाख १७ हजार रुपये असे नेले

एकूण १६,१७,००० रुपये गेले. त्यातले १,३५,००० रोख, बाकीचे सगळे बँकेतून. घेणारा स्वतःला दिवाळखोरी आणि कंपनी कायद्याचा ‘पंधरा वर्षांचा अनुभवी’ वकील म्हणवत होता. त्याचं नाव इथे देत नाही. तक्रार चालू आहे आणि अशी माणसं बदनामीची नोटीस पाठवायला सगळ्यात आधी तयार असतात. पण त्याने काय केलं ते रकमांसकट लिहितो, कारण हाच प्रकार आजही चालू आहे.

आमचं भोसरीतलं शीट मेटलचं छोटं युनिट, प्रायव्हेट लिमिटेड. टर्म लोन आणि सीसी (कॅश क्रेडिट) मिळून १ कोटी ८५ लाख बाकी. शेड कंपनीच्या नावावर. एका संचालकाचं राहतं घरही गहाण आणि दोघे संचालक वैयक्तिक जामीनदार. हप्ते ९० दिवसांच्या वर थकले, खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, झालं, कोर्टात न जाता तारण विकायचा अधिकार बँकेला देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची साठ दिवसांची नोटीस आली. नोटीस आली की फोन सुरू होतात, हे धंद्यातल्या कुणालाही माहीत आहे. पहिला धडा इथेच घ्या: बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करायला किंवा स्वतःहून काम मागायला बंदी आहे. जो स्वतः फोन करून ‘तुमची केस आम्ही घेतो’ म्हणतो, तो एकतर नियम मोडणारा वकील आहे किंवा वकीलच नाही. आमचा दुसऱ्या प्रकारातला निघाला.

रकमा अशा गेल्या. कागद ‘अभ्यासायला’ २५,०००. रिटेनर दीड लाख, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,७७,०००. एनसीएलटीची, म्हणजे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाची ‘कोर्ट फी’ २,४०,०००. अंतरिम रिझोल्यूशन प्रोफेशनलचा, म्हणजे दिवाळखोरीत कंपनीचा कारभार हाती घेणाऱ्या माणसाचा, ‘ॲडव्हान्स’ ३,००,०००. ‘लिस्टिंग लवकर लावायला’, म्हणजे सुनावणी लवकर लागावी म्हणून, रोख १,३५,०००. आणि शेवटी एकरकमी तडजोडीची, म्हणजे ओटीएसची ‘टोकन रक्कम’ म्हणून ७,४०,०००, तीही त्याच्या फर्मच्या खात्यात.

आता खरी फी सांगतो. कंपनीने स्वतः नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ (आयबीसी) च्या कलम १० खाली अर्ज केला तर न्यायाधिकरणाची फी २५,००० रुपये आहे. कलम ७ खाली बँकेने केला तरी तेवढीच. कलम ९ खाली माल पुरवणाऱ्याने केला तर २,०००. कंपनीच्या जामीनदाराने कलम ९४ खाली केला तर २,०००. हे आकडे नियमांतच छापलेले आहेत. २,४०,००० हा आकडा कुठल्याही नियमात नाही.

पण पैशांपेक्षा मोठी फसवणूक एका वाक्याची होती: ‘अर्ज टाकला की मोरॅटोरियम लागतो, बँक हात लावू शकत नाही.’ मोरॅटोरियम म्हणजे वसुलीला स्थगिती. त्याचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून ते पचतं. कलम १० मध्ये मोरॅटोरियम अर्ज टाकल्यावर लागत नाही. न्यायाधिकरण अर्ज दाखल करून घेतं तेव्हा कलम १४ खाली तो आदेश होतो, आणि मधल्या काळात बँकेला कुणी अडवत नाही. टाकताक्षणी लागणारी अंतरिम स्थगिती ही कलम ९६ ची, जामीनदाराच्या अर्जावरची. २०२४ मध्ये, हे घडलं तेव्हा, कायदा तसा होता. त्याने जामीनदाराच्या अर्जाचा फायदा सांगून कंपनीचा अर्ज विकला. त्याहून वाईट म्हणजे कंपनीचा मोरॅटोरियम लागला असता, तरी घर वाचलंच नसतं. कलम १४(३) मध्ये जामीनदार सरळ वगळलेले आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँक विरुद्ध व्ही. रामकृष्णन प्रकरणात १४ ऑगस्ट २०१८ ला तेच सांगितलं आहे. शेडला संरक्षण मिळालं असतं, घराला नाही. ज्या घरासाठी सगळा आटापिटा, ते त्या अर्जाच्या बाहेरच होतं.

आणखी एक गोष्ट त्याने कधी उच्चारलीही नाही. कलम १० चा अर्ज दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात आणि कारभार रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे जातो. चेकवर तुमची सही चालत नाही. ‘युनिट तुम्हीच चालवाल’ असं कुणी कलम १० बद्दल सांगत असेल तर तो खोटं बोलतो आहे. कारभार मालकाकडे राहतो तो एमएसएमईसाठी २०२१ मध्ये आणलेल्या प्री-पॅक योजनेत, म्हणजे धनकोंशी आधीच ठरवून आणायच्या योजनेत, आणि तिला २०२४ मध्ये सुरुवातीलाच कंपनीशी संबंधित नसलेल्या वित्तीय धनकोंपैकी (बँकेसारख्या कर्ज देणाऱ्यांपैकी) मूल्याने ६६ टक्क्यांची संमती लागत होती. बँक बोलायला तयार नसेल तर तो रस्ता बंद.

ज्या क्षणी हे सगळं थांबायला हवं होतं तो क्षण म्हणजे रिटेनरचं बिल. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लावलेला होता, २७,००० रुपये, खाली पंधरा अंकी जीएसटी नंबर. वकिलाने कंपनीला दिलेल्या कायदेशीर सेवेवरचा जीएसटी रिव्हर्स चार्जखाली येतो. तो कंपनी स्वतः भरते, वकील बिलात लावत नाही. म्हणजे त्या एका ओळीत लिहिलेलं होतं की हा माणूस वकील म्हणून नाही, सल्लागार म्हणून नोंदलेला आहे. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला की धंद्याचं स्वरूप दिसतं: व्यवस्थापन सल्ला सेवा. सगळ्यांसाठी उघडं आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही. शिवाय त्याने टीडीएस कापू नका म्हणून सांगितलं, ‘क्लोजिंगला बघू’. वकिलाच्या फीवर १० टक्के टीडीएस (तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९४-जे खाली) कापावाच लागतो आणि त्यासाठी पॅन लागतो. पॅन द्यायला जो टाळाटाळ करतो त्याला एक रुपयाही देऊ नका.

हे लक्षात का आलं नाही, असं विचारणारे खूप भेटले. जीएसटी असलेलं पक्कं बिल पाहून कुणाचाही विश्वास वाढतो. कच्च्या पावतीवर पैसे घेणारा लबाड, एवढंच आपल्याला शिकवलेलं असतं. साठ दिवसांची नोटीस डोक्यावर असताना पुरवठादार, कामगारांचे पगार आणि बँकेचे फोन सांभाळणारा माणूस रिव्हर्स चार्जची अधिसूचना काढून बसत नाही. तो वकील नेमतो, ते याचसाठी. यात पक्षकाराला मूर्ख ठरवणारे लोक फसवणाऱ्याचंच काम सोपं करतात.

मग त्याने दाखवलेली ‘पोच’. पोर्टलवरून काढलेला एक पानाचा कागद, वर फाइलिंग नंबर, कंपनीचं नाव, तारीख. पाहिल्यावर वाटतं, झालं दाखल. पण ऑनलाइन अर्ज चढवल्यावर मिळणारा फाइलिंग नंबर आणि छाननी होऊन मिळणारा सी.पी. (आयबी) ने सुरू होणारा केस नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे रजिस्ट्री त्रुटी काढते, त्या दूर कराव्या लागतात, मग प्रकरण नोंदलं जातं आणि बोर्डावर लागतं. आमच्या अर्जाच्या त्रुटी शेवटपर्यंत कुणी दूर केल्याच नाहीत. भागधारकांचा विशेष ठराव जोडलेला नव्हता, जो कलम १०(३) खाली सक्तीचा आहे. नमुना २, म्हणजे प्रोफेशनलची लेखी संमती, जोडलेली होती, पण ज्याची सही होती त्या गृहस्थांचा नंबर आयबीबीआयच्या (दिवाळखोरी मंडळाच्या) संकेतस्थळावरून काढून फोन केल्यावर त्यांनी असा कागद दिलाच नसल्याचं सांगितलं. तीन लाखांचा ‘ॲडव्हान्स’ त्यांच्या नावावर घेतला होता. वकीलपत्रावर वकिलाचं नाव भलत्याचंच आणि सनदेचा नंबर रिकामा.

महाराष्ट्रातल्या वकिलाच्या सनदेचा नंबर एमएएच, आकडा, वर्ष अशा रूपात असतो. तो मागा. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे पडताळा. एनसीएलटीत सीए आणि सीएसही (कंपनी सेक्रेटरी) उभे राहू शकतात, पण मग त्यांचा सभासद क्रमांक असतो. ‘कन्सल्टंट’ला तिथे उभं राहता येत नाही. अनुभव विचारू नका, आदेश मागा: ज्या आदेशांत हजर वकील म्हणून त्याचं नाव छापलंय असे तीन. आदेश संकेतस्थळावर सापडतात, शोधायला पंधरा मिनिटं पुरतात.

या अर्जाच्या भरवशावर जे केलं नाही, तेच सगळ्यात महाग पडलं. १३(२) च्या नोटिशीला हरकत पाठवता येते आणि बँकेने १५ दिवसांत लेखी उत्तर द्यायचं असतं. ती पाठवलीच नाही, ‘गरज नाही’ म्हणून. मग बँकेने १३(४) खाली घराचा सांकेतिक ताबा घेतला. त्या दिवसापासून ४५ दिवसांत कलम १७ खाली डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जायचं असतं. पुण्यात डीआरटी आहे. १ कोटी ८५ लाखांवर त्या अर्जाची फी ४८,७५० रुपये होते: पहिल्या १० लाखांचे ५,००० आणि पुढच्या प्रत्येक लाखाला २५०. ज्याने कोर्ट फीच्या नावाने २,४०,००० घेतले, त्याने हे ४८,७५० खर्चायला सांगितलं नाही. पंचेचाळीस दिवस संपले. पुढे जिल्हाधिकाऱ्यांचा कलम १४ चा आदेश आणि प्रत्यक्ष ताब्याची तारीख. (हे कलम १४ सरफेसीचं. दोन्ही कायद्यांत कलम १४ आहे आणि तो त्याचाही गोंधळ वापरत होता.)

ओटीएसचे पैसे वकिलाच्या खात्यात कधीच द्यायचे नसतात. बँकेतच तुमच्या नावाने नो-लिएन खातं (ज्यातल्या पैशांवर बँकेचा हक्क लागत नाही) उघडून त्यात भरतात, प्रस्ताव फेटाळला तर परत मिळतात. ७,४०,००० बँकेपर्यंत पोचलेच नाहीत, प्रस्तावही गेला नाही.

प्रोप्रायटरशिप किंवा भागीदारी फर्म असेल तर आणखी जपा. संहितेचा व्यक्ती आणि भागीदारीसाठीचा भाग फक्त कंपन्यांच्या जामीनदारांपुरता, १ डिसेंबर २०१९ पासून लागू केलेला आहे. बाकीच्यांना मुंबईत १९०९ चा आणि जिल्ह्यांत १९२० चा जुना नादारी कायदाच लागतो, आणि त्यात गहाणदार बँकेचा हक्क थांबत नाही. किराणा दुकानदाराला ‘आयबीसी’ विकणारे लोक पुण्यात आहेत.

आता दाद कुठे मागायची. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: ‘हे सिव्हिल मॅटर आहे.’ बनावट सही दाखवली तरी तेच. दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितलंय. ते वाचून दाखवल्यावर ‘अर्ज द्या, चौकशी करू’. अर्जावर आवक शिक्का मारायलाही आढेवेढे. बार कौन्सिलकडे गेलं तर सनद नसलेल्यावर आम्हाला अधिकार नाही. बरोबर आहे, पण वकिली कायद्याच्या कलम ४५ खाली सनदेशिवाय वकिली करणं हा सहा महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, त्याची तक्रार मग करायची कुणी? फसलेल्या माणसाने, त्याच पोलीस ठाण्यात, जिथे ते सिव्हिल मॅटर आहे. ग्राहक आयोगात सांगितलं गेलं की १४ मे २०२४ च्या निकालानंतर वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. अहो, पण हा वकीलच नाही! तर मग, धंद्यासाठी घेतलेली सेवा, म्हणून ग्राहक नाही. बँकेला तर फसवणुकीशी घेणंदेणं नाही. प्रत्येक टेबलावर नियम पाठ आहेत, आणि प्रत्येक नियम पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो. या फिरवाफिरवीत तो माणूस ऑफिस बदलून मोकळा झाला.

ठाण्यातून हलत नसेल तर बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तालयात उपायुक्तांना नोंदणी पोचेने लेखी तक्रार पाठवा, आणि तरीही काही झालं नाही तर १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह जा. तक्रारीत ‘वकिलाने फसवलं’ लिहू नका, तिथेच ती सिव्हिल होते. रक्कम, तारीख, खातं, त्याने काय सांगितलं आणि प्रत्यक्षात काय होतं, असं ओळीओळीने लिहा. बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) कलम ३१८(४) फसवणुकीसाठी, ३१६ विश्वासघातासाठी, बनावट सहीसाठी ३३६ आणि ३४०. न्यायाधिकरणाच्या रजिस्ट्रीने काढलेल्या त्रुटींची प्रिंट जोडा. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट पुरेसे नाहीत, मूळ फोन जपून ठेवा.

मूळ कागद त्याच्याकडे अडकले असतील तर फी बाकी असल्याचं कारण चालत नाही. खऱ्या वकिलालाही फीसाठी फाइल अडवता येत नाही, हे आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० मध्ये ठरलेलं आहे. आमचं खरेदीखत अजून त्याच्याकडेच आहे. दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल काढून कलम १७ चा अर्ज उशीर माफीच्या विनंतीसह आता नव्या वकिलामार्फत गेला आहे. या वकिलाने फी टप्प्याटप्प्याने लिहून दिली: मसुदा, दाखल, त्रुटी दूर करणं, प्रत्येक तारीख. बिलावर जीएसटी नाही, पॅन आहे, टीडीएस कापून पैसे गेले.