आकडा तोच, निर्णय वेगळा: मुलगी, आई आणि आजीचं व्हिटॅमिन डी

समजा, घरातल्या तिघींची रक्ततपासणी एकदमच झाली. मुलगी १६ वर्षांची, आई ४७ची, आजी ७४ची. तिघींच्याही रिपोर्टवर २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (रक्तातलं व्हिटॅमिन डी याच रूपात मोजतात) मिलिलिटरला १४ नॅनोग्रॅम, आणि शेजारी छापलेलं: २०च्या खाली म्हणजे कमतरता. मग मेडिकलमधून साठ हजार युनिटची सॅशे येतात आणि दर रविवारी तिघी मिळून घेतात. मला हे पटत नाही. १४ हा आकडा तिघींच्या हाडांबद्दल तीन वेगळ्या गोष्टी सांगतो. ऊन, रोजची गोळी की आठवड्याचं सॅशे, हे त्यावरून ठरायला हवं.

मुलीचं काम सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात निकडीचंही. हाडांचा मोठा साठा वयात येताना जमतो, विशीनंतर त्यात फार भर पडत नाही. ती सकाळी कॉलेजला, दुपारी क्लासला, आणि मधल्या प्रवासात स्कूटीवर स्कार्फ, सनकोट, हातमोजे. ऊन भरपूर, पण कातडीला लागतच नाही. तिची त्वचा तरुण आहे, व्हिटॅमिन डी झपाट्याने बनवते, म्हणून तीनही पिढ्यांत उन्हाचा खरा फायदा तिलाच.

फक्त ते कोवळं ऊन नको. व्हिटॅमिन डी ज्या अतिनील-ब किरणांमुळे बनतं, ते सकाळी सातच्या उन्हात जवळजवळ नसतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की वेळ योग्य, म्हणजे साधारण अकरा ते तीन. आठवड्यातून तीन-चार दिवस, पंधरा-वीस मिनिटं, कोपरापर्यंत हात आणि गुडघ्याखाली पाय उघडे. रंग सावळा असेल तर थोडं जास्त. काळं पडण्याची भीती असेल तर तोंड खुशाल झाकावं, किरणांना हातपाय पुरतात. काचेच्या खिडकीआडून बसून मात्र काही मिळत नाही, ते किरण काच अडवते. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालणाऱ्या बायकांना हे ऊन आपोआप मिळायचं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलीला ते ठरवून घ्यावं लागतं.

१४ आकडा हातात आहे, तर डॉक्टर तिला काही आठवड्यांचा कोर्स देतीलच, तो तिने पूर्ण करावा. पण खरा भर नाचणी, दूध, तीळ यांवर. व्हिटॅमिन डी कॅल्शियम शोषायला मदत करतं, पण पोटात कॅल्शियमच नसेल तर शोषणार काय? १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

मधे एक वय राहतं, गरोदरपणाचं. सरकारी कार्यक्रमात मिळणाऱ्या कॅल्शियमच्या प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमसोबत २५० युनिट व्हिटॅमिन डी असतं, दिवसाला दोन गोळ्या. म्हणजे ५०० युनिट रोज पोटात जातातच. वरून आणखी काही सुरू करण्याआधी हा हिशेब डॉक्टरांना सांगावा. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एका वेळी घेऊ नये. बाळाला अंगावरच्या दुधातून व्हिटॅमिन डी फारच थोडं मिळतं, म्हणून त्याला रोज ४०० युनिटचे थेंब लागतात. आई सॅशे घेते म्हणून बाळाचे थेंब बंद करू नयेत.

आता ४७ची आई. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज याच वयात. कंबर धरते, थकवा येतो, झोप लागत नाही, आणि रिपोर्टवर १४ दिसलं की सगळं खापर त्याच्यावर. पण हे वय पाळी जाण्याचं. हीच तक्रार थायरॉइडची, हिमोग्लोबिन कमी असल्याची, किंवा नुसत्या रजोनिवृत्तीची असू शकते. सॅशे सुरू करून बाकीच्या तपासण्या टाळल्या तर वर्ष फुकट जातं.

शिवाय पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं सगळ्यात वेगाने झिजतात, आणि ती इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाल्यामुळे. ते नुकसान व्हिटॅमिन डी भरून काढत नाही. अमेरिकेत जवळपास २६,००० प्रौढांवर झालेल्या व्हायटल अभ्यासात रोज २,००० युनिट घेऊनही हाडं मोडण्याचं प्रमाण घटलं नाही. त्यातल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती हे खरं. म्हणून माझा सल्ला असा: आईने कमतरता एकदा नीट भरून काढावी, पण पुढे वर्षानुवर्षं सॅशे घेत राहू नये. त्यानंतर वजन उचलण्याचा व्यायाम, डाळ-अंडी-दूध आणि गरज असेल तर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी.

ज्यांची अंडाशयं लवकर काढली गेली त्यांचं काय, हे कुणी विचारतच नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. या बायका दिवसभर उन्हात असतात. तरीही शस्त्रक्रियेत अंडाशयं गेली असतील, तर तिशीतल्या बाईची हाडं पन्नाशीतल्या वेगाने झिजायला लागतात. तिला डॉक्टरांनी नुसतं सॅशे लिहून देणं मला अन्यायकारक वाटतं. संप्रेरकं, कॅल्शियम आणि हाडांची तपासणी यांवर तिच्याशी बोलायला हवं.

आजीची गोष्ट उलटी. तिची त्वचा तरुणपणीच्या मानाने फार कमी व्हिटॅमिन डी बनवते, म्हणून नुसत्या उन्हावर विसंबू नये. बाल्कनीत बसावं, पण मन रमावं म्हणून. तिला रोजची गोळी हवीच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२०च्या शिफारशीत साठीनंतर ८०० युनिट सांगितले आहेत. इथे सॅशेपेक्षा रोजची लहान मात्रा बरी, आणि याला ठोस कारण आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या २,२०० हून अधिक स्त्रियांवर झालेल्या २०१०च्या अभ्यासात वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिल्यावर पडणं आणि हाड मोडणं दोन्ही वाढलं. सहा लाखांचं एकच इंजेक्शन मागणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावं. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनेही (संप्रेरकतज्ज्ञांची संघटना) २०२४ मध्ये, पन्नाशीनंतर व्हिटॅमिन डी द्यायचंच असेल तर मोठ्या मात्रेऐवजी रोजची लहान मात्रा सुचवली आहे. पंच्याहत्तरीनंतर तर तपासणी न करताही ती सुरू करावी असं त्यांचं म्हणणं.

आजी खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठू शकते का, ते मात्र आधी बघा. मांड्यांत जोर नसणं हे तीव्र कमतरतेचं लक्षण असू शकतं, आणि तोल जाणं हा आकड्यापेक्षा मोठा धोका. मुतखडा झालेला असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा फिटची गोळी चालू असेल तर मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. सॅशे द्यायचंच ठरलं, तर खोक्यावर वार आणि तारीख लिहा. आठवड्याचं सॅशे रोजचं समजून घेतलं गेलं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं: सारखी तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, भ्रम.

आहाराबद्दल थोडक्यात. बांगडा-तारली उत्तम, एका अंड्याच्या बलकात चाळीसेक युनिट, पिशवीवर फोर्टिफाइडचं चिन्ह असलेलं दूध बरं. पण नुसत्या जेवणावर तिघींपैकी कुणाचाही १४ हा आकडा पुरेसा वर जाणार नाही. परदेशातल्या मैत्रिणींनी आधी रिपोर्टवरचं एकक बघावं. ब्रिटनसारख्या देशांत नॅनोमोल लिहितात, त्याला अडीचने भागलं की आपला आकडा येतो. लंडनला ऑक्टोबर ते मार्च उन्हात व्हिटॅमिन डी जवळजवळ बनतच नाही, तिथे रोज ४०० युनिट घेणं हाच मार्ग.

सॅशे किंवा गोळी जेवणानंतर घ्यावी, कारण हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांसोबत शोषलं जातं. पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी, आणि तीही ज्यांना कमतरता होती त्यांचीच.